रंग सांगणारी

मंगळवार, दुपार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक, तुम्हीही असालच. आईचा गुडघा कुरकुरतोय, तोंड मात्र जोरात चालू आहे. तुझा लेक, आपला भोपळ्या, सोमवारी वायरिंगच्या कामावर रुजू होतोय म्हणून तू फोनवर केवढी खुशीत होतीस! मला धड अभिनंदनही करता आलं नाही. तुला ते लागलं असणार. नंतर दोनदा फोन लावला आणि वाजायच्या आधीच ठेवून दिला. म्हणून हे पत्र, तुझ्या दिरांच्या हाती. उद्या पोचतील.

इथे कारखान्यात गोंधळ झाला. एका हॉटेलच्या पडद्यांचं कापड तपकिरी रंगवायचं होतं. माझ्या लेकाने पहिल्यांदाच एकट्याने रंग कालवला आणि सगळं कापड शेवाळी हिरवं करून ठेवलं. वर मलाच विचारतो, "मस्त आलंय ना?" मला वाटलं, चेष्टा करतोय. कामगारांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "आई, मला खरंच तपकिरी दिसतंय गं."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ठिपक्यांची चित्रं दाखवली. ठिपक्यांत लपलेले आकडे मला लख्ख दिसत होते, तो नुसता बघत बसला. रंगांधळेपणा आहे म्हणाल्या, जन्मापासूनचा, औषध नाही. "तुमच्या वडिलांना होता का?" मी ताडकन म्हटलं, "अहो, ते रंगारी होते!"

घरी येईपर्यंत जिवाला स्वस्थता नव्हती. आठव ना, बाबा रंग कालवायचे तेव्हा आई कायम शेजारी. "अजून लाल. पुरे. आता काळा, चिमूटभर." हुकूम सोडल्याशिवाय हिला चैन पडत नाही म्हणून आपण हसायचो. आई माहेरी गेली की बाबा कारखाना बंद ठेवायचे आणि काका त्यांना बायकोवेडा म्हणून चिडवायचे.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माणूस कामात चोख होता. रंग मी बघायचे. कुणाचं काय बिघडलं?" आणि मग, "धाकटीला सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल."

असा राग आला तिचा! अजून उतरलेला नाही. लेक कारखान्यात पाऊल टाकायला तयार नाही, आणि मी त्याला नुसती जेवायला बोलावत फिरते.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून अंगणात जाऊन आले. आता सांगतेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे वडिलांकडून प्रत्येक मुलीत उतरतं. मुलीला स्वतःला बहुधा काही जाणवत नाही, पण तिच्या मुलात ते येऊ शकतं. येईलच असं नाही, निम्मी शक्यता. म्हणजे मी, चिमे. आणि तूही.

सोमवारच्या आत भोपळ्याचे डोळे तपासून घे. कापड पुन्हा रंगवता येतं गं, चुकीच्या तारेला हात लागला तर काय करशील? त्याला काहीच नसेल तर मला पोटभर बोलून घे, मी ऐकेन. पण आई सांगू नको म्हणाली म्हणून गप्प बसणं मला जमणार नाही. त्याच्यात काही उतरलं असेल तर ते आपल्या बाबांचं, तुझ्यातून आलेलं. त्याला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू देऊ नकोस.

तुझी,
तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेली
ताई