निवटा आयला

वाशी,
मंगळवार, दुपार

प्रिय सुधीर,

'प्रिय' लिहून थांबले होते. खोडावं असं वाटलं, पण खोडलेलं 'प्रिय' हे नुसत्या 'प्रिय'पेक्षा जास्त बोलतं, म्हणून राहू दिलं. पत्राची रीत समज. तुझ्या-माझ्यात आता रीतच काय ती उरली आहे.

तुझी मालिका परवा गुरुवारी सुरू होते आहे. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची की नाही, आणि सांगायची तर गुरुवारच्या आधी की नंतर, या प्रश्नानं मला दोन महिने छळलं आहे. रोज रोजनिशीत लिहिते, 'उद्या ठरवू.' आज शाळेला सुट्टी आहे, बाहेर ऊन आहे आणि निमित्तं संपली आहेत.

आधी इकडची बातमी सांगते, कारण ती ऐकून तू सुखावशील आणि तू सुखावलेला मला हवा आहेस. आमच्या सोसायटीला 'निवटा'चं वेड लागलं आहे. तुझी जुनी मालिका 'खाडीचा कोट' ज्यांनी कृष्णधवल पाहिली ते तर आहेतच. ज्यांनी पाहिली नाही तेसुद्धा पाहिल्यासारखं बोलतात. दुसऱ्या मजल्यावरच्या अरुणाताईंनी मालिकेसाठी रंगीत सेट घेतला आणि गुरुवारी सगळ्यांना घरी बोलावलं आहे. मी हजेरी लावली नाही तर त्या मला जन्मात माफ करणार नाहीत. "जयमालाबाई, रुमाल आणा हं दोन-दोन. ते गाणं आलं की मी काही माणसांत राहत नाही." पोरं पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन जिन्यात लढतात. सगळ्यांनाच निवटा व्हायचं असतं, गनीम व्हायला कोणी तयार नाही. सेक्टरच्या तोंडाशी एका पुढाऱ्याचा वाढदिवसाचा फलक लागला आहे, 'नवी मुंबईचा निवटा'. मी बसमधून तो वाचला तेव्हा खिडकीकडे तोंड करून हसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

मागच्या रविवारची गंमत तर तू ऐकायलाच हवी. आमच्या फाटकाशी पुतळा नावाची मासेवाली पाटी घेऊन बसते, उरणकडची. पोरांनी पाटीत डोकावून विचारलं हे काय, तर ती म्हणाली, "निवटं हायेत, जित्तं निवटं! बघ कसं उऱ्या मारतान." अरुणाताई वरून भाजीची पिशवी घेऊन उतरत होत्या. त्यांचा पारा चढला. "काहीतरी काय बोलता हो? आमच्या हिरोचं नाव माशाला ठेवता?" पुतळा शांतपणे म्हणाली, "मी कशाला ठेवू, बाय? त्याचे आयशीन ठेवलाय." अरुणाताई मला म्हणाल्या, "बघितलंत? मालिका यायच्या आधीच धंदा सुरू!" पुतळानं माझ्याकडे पाहिलं. तिला माझं गाव माहीत आहे. मी पाटीकडे पाहिलं.

इथवर वाचून तू एकदा थांबला असशील. थांब. घाई नाही.

तुला जासईतलं आमचं घर आठवतं? तुला हवी होती 'अस्सल खाडीची भाषा', आणि मला हवं होतं की तू माझ्या माणसांत एकदा बसावंस. बाबांनी तुझ्यासाठी खाडीतला जिताडा मासा आणला होता. तू ओटीवर बसून गोजरा आत्याला लग्नातली गाणी विचारत होतास. लग्न लावायला भटजीच्या जागी बाई, आणि मंत्रांऐवजी गाणी, याचं तुला केवढं अप्रूप! "धवलारीण! काय शब्द आहे!" असं म्हणत तू तो शब्द दोनदा लिहून घेतलास. आत्यानं मला स्वयंपाकघरात विचारलं, "यो माना लिवतंय का तुना बघाला आयलाय?" मला लिहायला आला आहे की तुला बघायला. मी म्हटलं, दोन्ही. तेव्हा माझा तसाच समज होता.

तुझ्या निघायच्या दिवशी बाबांनी तुला हाक मारली. आवाज चढवला नव्हता. पंढरी पाटलांना आवाज चढवायची सवयच नव्हती. एवढंच विचारलं, की पावसाळ्याआधी की नंतर, कधीचा विचार आहे. तू म्हणालास, "घरी विचारून कळवतो," आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागलास. नाड्या बांधायला तुला बराच वेळ लागला, मान काही वर झाली नाही. मग तुला आठवलं की टेपवर अजून जागा शिल्लक आहे. तू म्हणालास, "आत्या, जाता जाता एक गाणं होऊ द्या." आत्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि गायली.

निवटा आयला गो, दारी निवटा आयला
चिखलान उरी मारीत निवटा आयला
बापसान मारली हाक, बिलान शिरला

तिनं ते इतक्या संथ, इतक्या कातर सुरात गायलं की तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, लग्नघरी नवऱ्याला दारात चिडवतात, तसं आत्या तुला चिडवते आहे. म्हणजे तिनं तुला नवरा मानलं. मी किती सुखात हसत होते ते तुला कधी कळणार नाही.

त्यानंतर तू आला नाहीस. मधुकर आला, तुझा मित्र, तोही स्वतःहून. बिचारा चहाचा कप हातात धरून बसला आणि शेवटी म्हणाला, "त्याच्या आईचं म्हणणं, घरात हाय-नाय बोलणारी सून चालणार नाही." मी बी. ए. होते, मुलांना व्याकरण शिकवत होते, तुझ्यासमोर 'आहे'च म्हणायचे. तरी एकदा तुला लिहिलेल्या पत्राखाली घाईत 'तुजी' लिहून गेले होते आणि तू त्या 'ज'भोवती लाल गोल करून पत्र मला परत दाखवलं होतंस, लाडानं. तो लाल गोल मी तेव्हा लाडच समजले. पुढे त्याच वर्षी तुझी मालिका आली आणि कोटाच्या बुरुजावर उभी राहून तुझी नायिका 'हाय' आणि 'नाय' म्हणाली आणि अवघा महाराष्ट्र रडला. म्हणजे भाषा चालली. बोलणारी तेवढी चालली नाही. नायिकेचं काम सुचित्रानं केलं होतं, तीच पुढे तुझ्या घरात गेली. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिनं माझं काही घेतलं नाही.

आणि ते गाणं! लढाईवर निघालेल्या शिलेदाराला ओवाळताना नायिका गाते, 'निवटा आयला'. पडद्यावर अक्षरं आली, 'लोकगीत संकलन' आणि पुढे तुझं नाव. आत्याचं कुठेच नाही. नंतर मुलाखतीत तू अर्थ सांगितलास. निवटा म्हणजे शत्रूला निवटणारा, वीर. उरी मारीत, म्हणजे छातीवर घाव झेलीत. आणि शेवटची ओळ तू छापून आणलीस ती अशी : 'बापसान मारली हाक, बलानं शिरला'. वृद्ध किल्लेदारानं साद घातली आणि वीर बळानं वेढ्यात घुसला.

सुधीर, पुतळाच्या पाटीत होते ते निवटे. खाडीच्या चिखलातला मासा. धड पाण्यात राहत नाही, धड जमिनीवर येत नाही. डोळे वर काढून सगळीकडे बघतो, चिखलात उड्या मारतो. आम्ही उडीला उरी म्हणतो, होडीला होरी म्हणतो, ते तू लिहूनही घेतलं होतंस. आणि माणसाची चाहूल लागली की बिळात. 'बिलान शिरला.' बापानं हाक मारली आणि तू बिळात शिरलास. आत्यानं ते तिथल्या तिथे जोडलं होतं, तुझ्या बुटांच्या नाड्या बघून. वीरगीत म्हणून महाराष्ट्र ज्यावर रडतो ते तुझ्यावरचं गाणं आहे, आणि तू ते स्वतःच्या हातानं टेपवर घेतलंस.

त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या सेटवर आमच्या गावानं तो भाग पाहिला. तुमच्याकडे रुमाल निघाले. आमच्याकडे बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. बाबा हसले नाहीत. उठून बाहेर गेले. त्यांना वारून आता बरीच वर्षं झाली, पण त्यांची ती पाठ मला अजून दिसते. माझ्या मनातला राग मी नीट तपासून पाहिला आहे, आणि तो बहुतेक सगळा त्या पाठीचा आहे. माझा स्वतःचा म्हणशील तर थोडाच.

मी तुला तेव्हा काही कळवलं नाही. तू विचारलंही नाहीस. एका तपानंतर तुझं पत्र आलं. जुन्या टेपवर दुसरंच काही भरून टाकलंय, मूळ शब्द कुणापाशी नाहीत, नवीन मालिका रंगीत आहे, नावच 'निवटा' ठेवलंय, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मोठा वाद्यमेळ घेऊन तेच गाणं, तर 'जयमाला, शब्द तेवढे पाठव'. 'कशी आहेस' हे वाक्य तू सहीनंतर, समासात लिहिलं होतंस.

मी शब्द पाठवले. इथे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं आहे, की मी सापळा लावला का? एकही अक्षर बदललं नाही. 'बिलान' होतं तिथे 'बिलान'च लिहिलं, ठळक अक्षरात. हेही मनाशी ठरवलं होतं, की तू अर्थ विचारलास तर एका ओळीत खरं सांगून टाकायचं. तुझं उत्तर आलं, "तुझं शुद्धलेखन अजून तसंच! बलानं केलंय मी." ते वाचून मला बारा वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली. म्हणजे चूक मी तुझ्याकडून करवली नाही. ती तू जपून ठेवली होतीस.

मग उरला प्रश्न सांगायचं कधी. शुक्रवारी सांगितलं असतं तर सूड पुरा झाला असता. बाण सुटलेला, तुला काही करता येणार नाही, आणि दर गुरुवारी अरुणाताई रडणार. खरं सांगते, मी शुक्रवारच ठरवला होता. पत्राचा मजकूरही मनात तयार होता, यापेक्षा पुष्कळ गोड. पण परवा जासईला गेले. गावात तुझ्या मालिकेची वाट इथल्या वाशीपेक्षा जास्त बघताहेत. आत्याच्या मुलानं, कान्हानं, अंगणात मांडव घातला आहे, गुरुवारी सेट बाहेर काढणार. आत्याला आता दात नाहीत, कानही गेले, पण तिनं मला जवळ ओढून विचारलं, "त्याला कललं का?" मी नकाराची मान हलवली. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती चिडली. "मंग सांग त्याला. पाठीमागं गातान ता गाना नाय, चुगली हाय." जन्मभर तिनं नवऱ्यांना तोंडावर चिडवलं. नवऱ्यानं ऐकायचं, लाजायचं, 'हरलो' म्हणायचं आणि विडा द्यायचा, की धवलारीण गाणं सोडते. तुला कळलंच नाही, म्हणून तिनं ते अजून सोडलेलं नाही. ते तुझ्या दारात बसून आहे.

म्हणून हे पत्र आज लिहिलं, आणि पोस्टात न टाकता कान्हाच्या हातानं पाठवते आहे. उद्या सकाळी ते तुझ्या हातात असेल. तुझ्याकडे पुरता एक दिवस आहे. नाव बदलता येईल, गाणं काढता येईल. पण मग का काढलं ते सांगावं लागेल. किंवा गुरुवारी संध्याकाळी जासईला ये. आत्यापुढे विडा ठेव, तिचं नाव पडद्यावर घाल, आणि आमच्यात बसून स्वतःवर हस. कान्हानं मांडवात एक खुर्ची पुढे ठेवली आहे. किंवा काहीच करू नकोस. घरी दार लावून बस, आणि दर आठवड्याला, सगळे रडत असताना, एकटा अर्थासकट ऐक. यातलं तू काय करशील ते मला माहीत आहे, गावाला माहीत आहे, आत्यानं तर ते गाऊनच ठेवलं आहे. तरीही मी खुर्ची ठेवू दिली, कारण बाबा असते तर त्यांनीही ठेवू दिली असती. त्यांनी तुला एकदाच हाक मारली होती. ही दुसरी समज.

तुजी नाय,
जयमाला