टाकीचं झाकण

शीला,

विहिरीवरचं इंजिन का गचके खातंय ते कळलं एकदाचं. सकाळधरनं प्लग पुसला, कार्बोरेटर खोलून फुंकला, कायबी कचरा न्हाई. थोडा वेळ बरं चालायचं, मग आवाज वर-खाली व्हायचा नि बंद पडायचं. वैतागून पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल केलं, तर लई गुण्यानं चालाया लागलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते कुंकवानं बुजलंय; हवा आत शिरंना म्हणून पेट्रोल खाली उतरंना.

खंडेनवमीला आईनं इंजिनाची पूजा केली, तेव्हा तेलात कालवलेलं कुंकू बरोबर तिथंच टेकवलं व्हतं. पुढची दिवाळी काय तिला दिसली न्हाई.

मेकॅनिक फोनवर म्हणला, "टाचणी घाल राव, झालं काम." टाचणी घेतलीबी. पण कुंकवात आईच्या बोटाचा ठसा अजून तसाच दिसतोय गं, माझा हातच पुढं जाईना. येडा म्हण हवं तर.

नवं झाकण आणाया नारायणगावला चाललोय. गव्हाला पाणी मी परत आल्यावर देतो. टाकीला नुसतं फडकं बांधलंय, इंजिन चालू करू नको.

जुनं झाकण देवळीत ठेवलंय. घर आवरताना तेवढं पुसू नको.

सुदर्शन