पायाखालचे ठोकळे

३ नोव्हेंबर
घोटीहून सकाळच्या एसटीने आले आणि जेवायच्या आत खोली लावूनही झाली. सातपूरला छायाताईंच्या घरावरची, पहिल्या मजल्यावरची खोली. खिडकीला खेटून शेवगा आहे. हात बाहेर काढला की शेंग हाताला लागते. ताई म्हणाल्या, हव्या तेवढ्या तोड, विचारत बसू नकोस. आईने दिलेल्या तांदळाचा त्यांनी आधी वास घेतला, मगच मला घरातली मानलं.

माझं काम ऐकून मात्र त्या हसत सुटल्या. संगणकावर ठोकळ्यांचा गेम खेळायचा, मुलांना तो मराठीत शिकवायचे व्हिडिओ करायचे, आणि वर पगार! मलाही अजून खरं वाटत नाही.

५ नोव्हेंबर
माझ्याकडे विषय आलाय उंची गाठण्याचा. सगळ्यात सोपी रीत म्हणजे मान खाली घालून उडी मारायची आणि पाय टेकायच्या आत खाली ठोकळा ठेवायचा. पुन्हा उडी. खांब वाढतो, आपण वर. वेळ असेल तर खांबाभोवती जिना घ्यावा. बांबूची परांची आणखी बरी, उतरताही येतं. नाहीतर पायथ्याशी पाण्याचं तळं करून ठेवायचं. कितीही उंचावरून त्यात पडलं तरी लागत नाही.

ऑफिसच्या या खेळातल्या जगात एक खांब आधीपासून उभा आहे, थेट ढगांत गेलेला. माझ्याआधी हे काम करणाऱ्या सृष्टीचा. आमचे वरिष्ठ महेश सर म्हणाले, ती एक दिवस टेबलावरून उठून गेली ती घरी पोचलीच नाही. पोलिसांत तक्रार आहे. खांब पाडू नकोस, एवढंच म्हणाले.

८ नोव्हेंबर
सृष्टीच्या खांबाभोवती जिना घेत वर गेले. वर कोणीतरी होतं. पाठमोरी मुलगी, खेळात प्रत्येकाच्या डोक्यावर दिसतं तसं तिच्यावर सृष्टीचं नाव. मी जवळ गेले की ती एका ठोकळ्याने वर जायची. उडी न मारता.

सरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, आपल्या दोघांशिवाय या खेळात कोणाला येताच येत नाही. मग घाम पुसत बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत.

मी खेळातच लिहून विचारलं, कोण आहे. बऱ्याच वेळाने उत्तर उमटलं: ‘मी ठोकळे ठेवत नाहीये. खालून कोणीतरी ठेवतंय.’

१० नोव्हेंबर
पिंपळगाव बसवंतला जाऊन आले. सृष्टीची आई, पुतळाबाई, खळ्यावर कांदा निवडत होती. वेडी समजेल म्हणून घाबरतच खेळातल्या त्या मुलीचा, मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. तिला वाचता येत नाही, पण लेकीचं नाव तिने बोटाने ओळखलं. कितीतरी वेळ ते बोट तिथून उचललं नाही. निघताना म्हणाली, “तिला म्हणावं, उतर. आई खाली उभी हाय.”

परतीच्या बसमध्ये स्वस्थ बसवेना. तीनदा जागा बदलली.

११ नोव्हेंबर
सृष्टीच्या खांबाशी तळं केलं. शेजारी माझा खांब रचत तिच्या बरोबरीला गेले आणि आईचा निरोप जसाच्या तसा लिहिला. ती पहिल्यांदा वळली. मग तिने उडी टाकली. पाणी उडालं, आणि नाव पुसलं गेलं.

मीही उडी मारणार होते. खाली पाहिलं तर तळ्यावर ठोकळे पसरलेले. मी ठेवले नव्हते. आणि माझा खांब — मी कशालाही हात न लावता — वाढत होता.

संगणक बंद करून घरी आले. खिडकीतून शेंग घ्यायला हात घातला. शेवग्याचा शेंडा खाली राहिलाय.

१२ नोव्हेंबर
पुतळाबाईचा फोन. सृष्टी पहाटे घरी आली. अनवाणी. जमिनीवरच बसते, खाटेवरसुद्धा चढत नाही. मला रडूच आलं. पण सृष्टीने मला एक विचारायला सांगितलंय: तुझ्यासाठी पाणी कोण ओतणार?

छायाताई म्हणतात, घर होतं तिथेच आहे, तुला ताप असेल. आज खाली उतरायला इतका वेळ का लागला, ते त्यांना सांगता आलं नाही.

१३ नोव्हेंबर
जिना संपत नाही. उतरतेय, उतरतेय — दमून वळले तर मागे लगेच खोलीचं दार. ताई हाका मारतायत. आवाज फार लांबून, मुंगीएवढा.

महेश सर फोन उचलत नाहीत.

१४
खिडकीत नुसतं पांढरं. फरशी गार पडलीय. मधूनच तळव्यांना खालून धक्का बसतो — कोणीतरी हळूच काही सरकवून ठेवावं तसा — मग थांबतं — मग पुन्हा —

आईचा फोन. म्हणतेय, नुसता वारा ऐकू येतोय, कुठे आहेस. आई, मी वर आहे, अगं वर, तू फक्त