संरक्षण आणि परराष्ट्र खातं माझ्याकडे

अल सद्द, दोहा
मे २०२२

ती. विभावरीताईस,

शशिकांतचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, रास लफानच्या गॅस प्रकल्पातल्या नाइट शिफ्टनंतर खरोखर आडवा झालो तर उठायचा नाही). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींना सांग, पुण्यातल्या खड्ड्यांचं कौतुक पुरे. इथे वर्ल्ड कपसाठी अख्खं शहर खणलंय, फक्त प्रत्येक खड्ड्याला आधी पत्र्याचं कुंपण घालतात. आम्ही मजेत आहोत, म्हणजे गेल्या गुरुवारपर्यंत होतो.

त्याचं असं झालं, आसावरीच्या शाळेत संयुक्त राष्ट्रसंघाची लुटुपुटुची परिषद होती. विषय, समुद्रापारची चिमुकली परावलंबी बेटं आणि त्यांचं स्वातंत्र्य. मी लगेच भाषण लिहायला बसलो (मंडळाच्या गणपतीत मला माइकपासून दूर करायला दोन माणसं लागतात, हे तुला ठाऊक आहेच). साखळदंड, हुतात्मे, रक्त, सगळं घातलं. ते वाचून पोरगी म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम द ब्रिटिश गव्हर्नमेंट." आपल्या घराण्यात हे पद आजवर कोणी भूषवलं नव्हतं. मग तिने मला त्यांचं धोरण समजावलं. ज्या बेटाला स्वतंत्र व्हायचंय त्याने खुशाल व्हावं. ज्याला नाही, त्याच्या रास्त गरजांना मदतीत पहिला मान. मात्र संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. बरीचशी बेटं म्हणे स्वातंत्र्याला नको म्हणतात आणि मदतीला हो. मी भडकलो. म्हटलं, स्वाभिमान आहे की नाही लोकांना? स्वातंत्र्य ठणकावून मागायला हवं!

पोळ्या लाटणाऱ्या नमिताने हसू दाबत मान खाली घातली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आसावरीने तिथल्या तिथे ठणकावून मागितलं. बारावी संपली की यंदाच पुण्याला जायचं, हॉस्टेलमध्ये राहायचं, आणि मदत चालू ठेवायची. "यल्ला बाबा, सेल्फ-डिटरमिनेशन!" (यल्ला म्हणजे अरबीत 'चला'.) मी एकदम फिरलो. म्हटलं, ती बेटंच शहाणी, आपल्या माणसांना धरून राहतात. शेवटी मतदान झालं. नमिता तिच्या बाजूने. मिहीरनेही ताईच्या स्वातंत्र्यासाठी हात वर केला (वर्ल्ड कपच्या मॅचेससाठी टीव्ही तिच्या खोलीत कुठल्या भिंतीवर लावायचा, ते त्याने टेप लावून बघितलंय). मग मी धोरण जाहीर केलं: अंतर्गत कारभार तिचा, संरक्षण आणि परराष्ट्र खातं माझ्याकडे. म्हणजे दिवेलागणीला खोलीवर, आणि मुलांशी वाटाघाटी माझ्यामार्फत. ती सगळ्याला हो म्हणाली. भांडलीसुद्धा नाही. ताई, मला तेच लागलं. इतकी घाई आहे तिला जायची.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
शशिकांत

ता. क. मुख्य मुद्दा राहिलाच. अशा बेटांवर लंडनचा एक गव्हर्नर असतो. ती नेमणूक मी तुला देतोय. हॉस्टेल वगैरे काही नको, तिला तुझ्या मागच्या खोलीत ठेव. पण मी सांगितलं म्हणू नकोस. तुलाच सोबत हवी आहे असं म्हण.

ता. क. २. नमिता आत्ता सांगतेय की आसावरीचं तुझ्याशी दिवाळीतच सगळं ठरलंय, खोलीच्या पडद्यांचा रंगसुद्धा; हॉस्टेलचं नाव फक्त मी घाबरून तुझ्याकडे धाव घ्यावी म्हणून काढलं होतं. खलास! मग ताई, आता मदतीचा अर्ज माझाच समज. रोज तिला मला एक फोन करायला लावत जा. मला करमायचं नाही गं.