ओल्शिन्काचा गोलकीपर

हॅलिफॅक्स,
१४ एप्रिल २०२४

प्रिय ग्लेन्डा,
अनेक आशीर्वाद, आणि युजीनला जय येशू.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. फोन करत जा म्हणतेस, पण फोनवर माझा आवाज फुटतो आणि मग तूही रडतेस. त्यापेक्षा कागद बरा. सिस्टर बेनेडिक्टांनी पत्र लिहायला शिकवलं ते म्हातारपणी असं कामाला येतंय.

कारेलचं हृदय आता फारच थकलंय. पाय सुजतात, जिना चढवत नाही, म्हणून त्याचा पलंग खाली हॉलमध्ये आणलाय. डॉक्टर फार गोड बोलायला लागलेत. मी तीस वर्षं नर्स होते, त्या गोड बोलण्याचा अर्थ मला कळतो.

पण लिहिते आहे ते वेगळंच. त्याच्या चेक गावचा फुटबॉल क्लब, ओल्शिन्काचा, यंदा शंभर वर्षांचा झाला आणि यंदाच बंद होतोय. काचेचा कारखाना कधीच गेला, तरुण पोरं शहरात गेली, अकरा जण जमवायचे म्हणजे मारामार. जूनमध्ये शेवटची मॅच. मग जी काही पोरं उरलीत ती शेजारच्या गावच्या क्लबात जाणार, आणि त्या गावाचं नाव कारेल आजसुद्धा शिवी दिल्याशिवाय घेत नाही.

क्लबची सगळी कहाणी मला पाठ आहे. कारखान्यातल्या काच फुंकणाऱ्यांनी तो काढला. लढाईत जर्मनांनी बंद केला. पुढे कम्युनिस्टांनी नाव बदललं, मग परत बदललं, मग कारखान्याचं नाव चिकटवलं, आणि ते सरकार पडल्यावर पुन्हा मूळ नाव. माझ्या पासपोर्टावर जेवढे शिक्के नाहीत तेवढी नावं त्या क्लबाने पाहिली असं कारेल म्हणतो. एवढं सगळं होऊन मैदान तेच, कारखान्यामागचं, एका बाजूला उताराचं.

ॲलरॉयने बापासाठी क्लबच्या इंटरनेटच्या पानावर जुने फोटो शोधून काढले. त्यात १९६८च्या वसंतातली टीम आहे, वरच्या लीगमध्ये चढलेली. कारेल त्यांचा गोलकीपर होता. फोटोत दहाच माणसं आहेत, ग्लेन्डा. मधोमध, तो उभा होता तिथे, नुसती जाळी रंगवलीय. त्या ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले, हा पळून इकडे कॅनडात आला, आणि पळालेल्यांची नावं तिथे सगळीकडून पुसून टाकली. कारेलने फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाला की जाळी छान काढलीय, त्याच्यापेक्षा जास्त गोल तिनेच अडवले असतील. आणि जेवला नाही.

शेवटच्या मॅचच्या आधी शंभर वर्षांत खेळलेल्या सगळ्यांची नावं वाचणार आहेत. मी अध्यक्षांना इंग्रजीत पत्र लिहिलं, ॲलरॉयने ते पाठवलं. कारेल व्हाव्राचं नाव वाचा एवढंच मागितलं. आणि त्याच्यासाठी गोलखांबापाशी एक मेणबत्ती लावा अशी विनंती केली. आजाराचं काही लिहिलं नाही, दया मागतेय असं वाटायला नको. त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही. माणूस इतकी वर्षं आपल्या नावाची वाट बघतोय, आणि मला ते त्याच्या कानांवर घालायचंय, कान आहेत तोवर.

तुम्ही दोघं जपून राहा. माझी आठवण काढत जा.
तुझी,
मेबलताई


ब्रॉसार्ड,
२५ एप्रिल २०२४

ती. मेबलताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून युजीनला दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि दुपारभर बेसमेंटमध्ये जाऊन बसला. वर आला तेव्हा सांगायला लागला, भात कापल्यावर शेतात अनवाणी फुटबॉल खेळायचे तेव्हा गोलकीपर कोणालाच व्हायचं नसायचं, जो सगळ्यात जाडा त्याला उभं करायचे, आणि हरलं की शिव्याही त्यालाच. तो जाडा म्हणजे हाच होता, हे मला लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाल्यावर कळलं!

मेणबत्तीचं सांगितलंस ते फार बरं केलंस. बाबांना टायफॉइड झाला तेव्हा आपण वसईच्या आळीतल्या क्रुसापाशी रोज मेणबत्ती लावायचो आणि तू ती वाऱ्याने विझू नये म्हणून फ्रॉक पसरून बसायचीस. बाबा उठले की नाही? मी इथे चर्चमध्ये जिजूंच्या नावाने लावतेच आहे. फादर फ्रेंचमध्ये काय पुटपुटतात ते देवाला समजत असेल.

उत्तर आलं की लगेच कळव. आणि तू जेवतेस ना? तुझ्या पत्रात कारेल जेवला नाही एवढंच आहे, तुझं काहीच नाही. इथे अजून थंडी आहे, युजीनने विंटर टायर काढायची घाई केली आणि दुसऱ्याच दिवशी बर्फ पडला. मी नुसती बघत राहिले. तेवढंच त्याला पुरतं.

जिजूंना सांग, धाकटी मेहुणी फुटबॉलमधलं काही कळत नसूनही त्यांच्या टीममध्ये आहे.
लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझी धाकटी,
ग्लेन्डा


हॅलिफॅक्स,
१६ जून २०२४

प्रिय ग्लेन्डा,
अनेक आशीर्वाद.

काल मॅच झाली. अक्षर सांभाळून घे.

अध्यक्षांचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं, नाव जरूर वाचू, मेणबत्तीही लावू, आम्ही तुमच्यासोबत आहोत. मला वाटलं किती भली माणसं.

कारेल मंगळवारपासून हॉस्पिटलमध्ये आहे, फुप्फुसात पाणी झालंय. ॲलरॉय ओटावाहून आला. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली दुपार. कोणीतरी मैदानातून सगळं फेसबुकवर दाखवत होतं. ॲलरॉयने फोन जेवणाच्या ट्रेवर उभा केला आणि मी कारेलला सांगितलं की आज तुझं नाव वाचणार आहेत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, ग्लेन्डा, लग्नाच्या दिवशीही असं पाहिलं नव्हतं. मग म्हणाला दाढी कर माझी. मी केली.

नावं सुरू झाली. आधी गेलेल्यांची, मग असलेल्यांची. कारेल उशीला टेकून ऐकत होता, मधेच एखाद्या नावावर मान हलवायचा. गेलेल्यांच्या यादीत कारेल व्हाव्रा आलं.

मला चेक फार येत नाही, पण नाव कळलं आणि मी आनंदाने त्याचा हात दाबला. तो हलला नाही. मग एक म्हातारा काठी टेकत गोलखांबापाशी गेला, मेणबत्ती लावली, आणि खाली गोलकीपरचे हातमोजे ठेवले. सगळं मैदान उभं राहिलं, टोप्या काढून. म्हाताऱ्याचे खांदे हलत होते. तो लाद्या, त्यांचा लेफ्ट बॅक, कारेलचा जिवाचा मित्र. पळून येताना कारेलने त्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर लाद्याला पोलिसांनी पिळलं असतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे मेणबत्ती आजाऱ्यासाठी. त्यांच्याकडे ती मेलेल्यासाठी. नाव वाचा, मेणबत्ती लावा, असं एका बाईने कॅनडाहून लिहिल्यावर त्यांनी दुसरं काय समजावं? माझ्या नवऱ्याला मीच मारलं.

कारेल हसायला लागला. इतका हसला की खोकला थांबेना आणि नर्स धावत आली. त्यानंतर रडला. मी लगेच कळवते म्हटलं तर त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, छप्पन्न वर्षं मी नव्हतोच, आज मिनिटभर होतो, ते काढून घेऊ नकोस. असंही म्हणाला की त्या टीममधले बहुतेक सगळे त्याच यादीत आहेत, तिथे मला बरं वाटलं.

मॅच चार-एकने हरले. तेवढं मात्र त्याला लागलं.

मी काय करू, सांग.
तुझी,
मेबलताई


ब्रॉसार्ड,
२२ जून २०२४

ती. मेबलताईस,
सा. न. वि. वि.

तू कोणालाही मारलेलं नाहीस. मीच नाही का लिहिलं मेणबत्तीचं बरं केलंस म्हणून? दोघी एकाच आळीच्या, एकाच क्रुसाच्या. चूक अर्धी माझी.

पण जिजूंचं मी ऐकणार नाही, आणि हे त्यांना वाचून दाखव. तो काठीवाला म्हातारा घरी जाऊन काय करत असेल? एकटाच जेवत असेल. मित्र न सांगता गेला हे एक दुःख त्याने आयुष्यभर काढलं, आता मेल्याचं दुसरं काढतोय, आणि मित्र मात्र हॉस्पिटलात जेली खातोय! मेल्यावर रडणं वेगळं. जिवंतपणी रडवणं हे पाप आहे, मग माणूस चेक असो की वसईकर. जिजूंना मिनिटभराचा मान मिळाला, मिळू दे, तो कोणी काढून घेत नाही. पण लाद्याला त्याचा मित्र मिळू दे.

मोठ्या बहिणीला असं लिहू नये. लिहिलं.
युजीन तुला भेटायला यायचं म्हणतोय, बस-गाडी काहीही चालेल म्हणतो. बोलाव, आम्ही निघतो.
माया अशीच ठेव, रागावलीस तरी.
ग्लेन्डा


हॅलिफॅक्स,
२१ जुलै २०२४

प्रिय ग्लेन्डा,
अनेक आशीर्वाद.

अंत्यविधीला तुम्ही दोघं आलात, चार दिवस माझं घर सांभाळलंत, तरी तुझ्याशी बोलायचं ते राहूनच गेलं. तोंडाने जमलं नाही. म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी त्याला इंग्रजीत करून वाचून दाखवलं. जेलीच्या वाक्याला हसला. त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडला. सकाळी ॲलरॉयला म्हणाला, लाद्याचा नंबर काढ.

पहिल्यांदा लाद्याने फोन आपटला. दुसऱ्यांदा शिव्या दिल्या, मेलेल्या माणसाची थट्टा करता म्हणून. तिसऱ्यांदा कारेलने त्याला अडुसष्टमधल्या एका पेनल्टीची आठवण करून दिली. ती लाद्याच्या मूर्खपणामुळे समोरच्या टीमला मिळाली होती, आणि कारेलने ती अडवल्यावर दोघांनी मिळून सगळ्यांना सांगितलं होतं की फाउल दुसऱ्याचाच होता, खरं काय ते दोघांनाच ठाऊक. मला वाटलं फोन कटला. लाद्या रडत होता.

मग ते रोज बोलू लागले. लाद्याचं रात्रीचं जेवण व्हायचं तेव्हा इथे दुपार असायची. घरी आणल्यावरही तेच. मी दोघांच्या मधे सूप गार होताना बघत बसायचे. दोन म्हातारे भांडायचे, शेजारच्या गावाला मिळून शिव्या द्यायचे. एकदा कारेलने फोन लवकर ठेवला. नंतर मला सांगितलं की लाद्याने कबूल केलं, नवी पोरं फोटो बघून गोलकीपर कुठे आहे असं विचारायची, तेव्हा तो म्हणायचा, आम्ही इतके चांगले होतो की आम्हाला लागलाच नाही. मी विचारलं, वाईट वाटलं? म्हणाला, वाटलं, पण त्याला त्या सरकारखाली तिथेच राहायचं होतं ना.

गेला त्या दिवशीही बोलला होता. उद्या बोलू असं म्हणाला होता. रात्री झोपेत गेला.

सकाळी मी स्वतः लाद्याला फोन लावला. ॲलरॉय करतो म्हणत होता, मी नको म्हटलं. मला जेवढं चेक येतं तेवढ्यात सांगितलं, कारेल वारला.

लाद्या हसला, ग्लेन्डा. मोकळं, मोठ्याने. आणि काय म्हणाला तेही मला समजलं, कारण तो फोन उचलला की रोज तेच म्हणायचा. कारेलला दे.

मी पुन्हा सांगितलं. तो हसतच होता. म्हणाला, एकदा फसलो, आता नाही, दे त्याला. मी फोन कानाला धरून उभी राहिले. तोही थांबला. मागे त्याचा रेडिओ ऐकू येत होता. खूप वेळाने त्याने पुन्हा कारेलला हाक मारली, या वेळी हळू, आणि उत्तराची वाट बघत राहिला.

तुझ्या धाकटेपणाची मला गरज आहे. ते कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
मेबलताई