डावं हाड

सर, तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नाही. पाचोडहून एसटीनं यायची म्हणून मी तुमच्यासाठी नुसती 'पाचोड'. चित्रकलेच्या वर्गात कवटी काढायच्या तासाला तुम्ही ती प्लास्टरची कवटी एका स्टुलावर ठेवलीत, शेजारी दुसरं स्टूल ओढलंत आणि म्हणालात, "ए पाचोड, इथं बस. बघा रे, हिच्या गालावर मांस नाय, लई बरं झालं. कवटीत जे हाय ते हिच्यात बाहेरूनच दिसायलंय." वर्ग हसला. मी बसले. तुम्ही पेन्सिलीच्या टोकानं माझ्या डोळ्याची खोबण दाखवलीत, मग गालाचं हाड, आणि सगळ्यांनी हात ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर माझी मापं घेतली.

कवटीचं माझं चित्र मी वर्ग रिकामा झाल्यावर काढलं. तुम्ही उभ्यानंच पाहिलंत. "डावं हाड खाली गेलंय. गावाकडं जा, गोवऱ्या थाप." आणि कागद फाडलात, तोही नीट घडी घालून. मला तुमचा फार राग आला. अजून येतो. त्या रागावरच मी शिकले, शिकवायलाही लागले. एसटीत समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं मांस मनातल्या मनात खरवडायची सवय लागली, ती काही सुटत नाही.

खूप वर्षांनी तुमच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. "सर लई खचलेत. तुझ्याकडून चित्र काढून घ्यायचं म्हणायलेत." सिडकोतल्या घरात तुम्ही खाटेवर, कवळी वाटीत. काकू ती लावायला उठल्या. मी म्हटलं, "राहू द्या काकू, असंच बरं आहे." तुमच्या गालावर आता मांस उरलं नव्हतं. तुमच्याच शब्दांत, लई बरं झालं. मी काहीच झाकलं नाही. चित्र बघून काकू आत गेल्या. तुम्ही कागद छातीवर टेकवून बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, आता तरी.

"पाचोड, डावं हाड खाली गेलंय," म्हणालात आणि कुशीवर वळलात.

थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. अंगणात तुम्हाला ठेवलंय, काकूंना बायकांनी धरलंय. माझ्या हातात कुणीतरी पेटलेली उदबत्ती देतं. मी हात ताणून ती तुमच्यासमोर धरते, एक डोळा मिटते, अंगठा काडीवरून सरकवते. खोबणीपासून हाडापर्यंत, हाडापासून हनुवटीपर्यंत. मागं कुणीतरी म्हणतं, "किती मनापासून ओवाळायली बघा."

तुमचं बरोबर होतं. तुमच्या चित्रात मी हाड खालीच काढलं होतं. मी तिथंच हमसून रडले, इतकी की काकूंनी मला पोटाशी धरलं.

हे पत्र टाकायचं तर पत्ता तुमच्याच घराचा, आणि ते पडायचं काकूंच्या हातात. त्या सणासुदीला अजून फोन करतात. "सरांसाठी तुझ्याएवढं कुणी रडलं नाय," म्हणतात. मी 'व्हय काकू' म्हणते.