नळीतलं पांढरं

११ जून, बुधवार

चिरंजीव बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास हे कळलं, जीव भांड्यात पडला. इकडे माझं बरं चाललंय. दुकानात जाते, पण हात थरथरतात म्हणून मालक आता चष्म्याच्या काचा घासायला बसू देत नाहीत. गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायचं काम दिलंय. म्हणजे दिवसभर आरशासमोर! आधी माझे पिवळे डोळे दिसतात, मग गिऱ्हाइकाचा चष्मा. काल एक बाई म्हणाल्या, "अहो, काविळीवर औषध घ्या की." मी म्हटलं, घेतेय. शेजारीण मात्र मला चोरून पिणारी समजते. आयुष्यात मी बाटली उघडली ती खोकल्याच्या औषधाची, पण लिव्हर गेलं म्हटलं की लोक आधी तोंडाचा वास घेतात.

तू फोनवर दोनदा विचारलंस, तपासणीचं काय झालं. मी म्हटलं, रिपोर्ट आले नाहीत. आलेत.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "ताई, तू गप्प बस, मी देतोय ना लिव्हर," की संपला विषय. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी रक्त देऊन आपण लॅबच्या खिडकीपाशी बसलो होतो. आत यंत्रातून फिरवून काढलेल्या आपल्या दोघांच्या नळ्या उभ्या होत्या. तू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होतास. मी नळ्या बघत होते. माझ्या नळीत वर पिवळं पाणी सुटलं होतं. तुझ्या नळीत पांढरं, दुधासारखं. रक्त घेणारी मुलगी दुसरीला हळूच म्हणाली, "हा उपाशीपोटीच आला होता ना? मग रक्तात एवढी चरबी?" होतास. मीच तुला सकाळपासून पाण्याशिवाय काही दिलं नव्हतं.

मी तेव्हाच ओळखलं. तुझ्या आत्ताच्या वयापेक्षाही लहान असताना, नोकरीच्या तपासणीत, माझं रक्त असंच निघालं होतं. घरी केवढे हसलो होतो! आई म्हणाली, "या काडीत कुठली आलीय चरबी? मशीन बिघडलं असेल त्यांचं." काहीही खाल्लं तरी आपल्या अंगाला लागत नाही, याचा घरात केवढा तोरा होता. तुला तर दोन ताटं जेवतो म्हणून पाहुण्यांसमोर उभं करायचे. त्यानंतर इतकी वर्षं मला काही दुखलं नाही, खुपलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

काल डॉक्टरांनी बोलावलं होतं. ते आधी तुलाच फोन करणार होते. मी हात जोडले, म्हटलं मला सांगू द्या. बारक्या, तुझ्या लिव्हरचा तुकडा ते घेणार नाहीत. त्यात आत्ताच चरबी भरलीय. एकतिसाव्या वर्षी. मी म्हटलं, "अहो, पोरगा केवढा बारीक आहे!" ते म्हणाले, "तुम्ही तरी कुठे जाड होतात?"

मी विचारलं, कमी होईल ना? "होईल. त्यांच्याकडे वेळ आहे," म्हणाले. माझ्याकडे किती आहे ते त्यांनी सांगितलं नाही, आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. दुसरं कुणी द्यायला नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आता तू म्हणशील, मी धावतो, जेवण तोडतो, चार-सहा महिन्यांत लिव्हर साफ करून आणतो. ओळखून आहे मी तुला. माझ्यासाठी सगळं करशील आणि मी गेले की दुसऱ्या दिवशी सोडशील. मला भीती वाटते रे. आरशात बघताना हल्ली माझ्या तोंडावर तुझे डोळे दिसतात, असेच पिवळे.

माझ्यासाठी काढलेली सोमवारची रजा रद्द करू नकोस. ये. डॉक्टरांकडे ती वेळ माझी होती, तिथे मी तुझं नाव लिहायला लावलंय. आत तू जायचंस. मी बाहेर बाकावर बसेन, आणि पुढच्या खेपांनाही, जितक्या जमतील तितक्या.

तुझी, अजून आहे ती,
ताई